निळ्या उजेडातला घसा

आवाज बसला, तीन आठवडे झाले तरी सुटला नाही, की कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतात. स्वरतंतूवर एखादा पांढरट चट्टा दिसतो. तो तंबाखूने आलेला साधा जाडपणा आहे की कॅन्सरची सुरुवात, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. लंडनमध्ये गाणे शिकवणारे मॅन्युएल गार्सिया यांनी आरशाने स्वतःचे स्वरयंत्र पाहिले आणि १८५५ मध्ये रॉयल सोसायटीला कळवले. तेव्हापासून उपकरणे कितीही सुधारली, तरी उजेड बराच काळ साधा पांढराच राहिला.

वेगळ्या उजेडाची कल्पनाही तशी जुनी. १९२४ मध्ये फ्रान्सच्या पोलिकार यांना अतिनील दिव्याखाली काही गाठी लाल चमकताना दिसल्या. ही चमक पॉर्फिरिन या द्रव्याची. त्यामुळे कॅन्सर चमकायला हवा, अशीच समजूत पुढे रुळली. पॉर्फिरिन तयार करवणारे औषध रुग्णाला वाफेवाटे देऊन घशातली गाठ लाल करून पाहण्याचे प्रयोग जर्मनीत झाले, ते याच वाटेने.

खरे वळण आले कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये. स्टीफन लॅम, ब्रँको पाल्चिच आणि सहकाऱ्यांनी औषध न देताच श्वासनलिकेवर ४४२ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा लेसर टाकला. निरोगी अस्तर हिरवे उजळले, रोगट जागा मात्र काळपट, तांबूस दिसली. कारण हिरवी चमक मुख्यतः अस्तराखालच्या कोलॅजन या तंतुमय प्रथिनाची. वरचा थर जाड झाला, कोलॅजनची वीण मोडली आणि नव्या रक्तवाहिन्यांनी प्रकाश शोषला की ती मावळते. म्हणजे शोधायचा तो अंधार! १९९५ मध्ये याच गटाचा स्वरयंत्रावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोंडाच्या तपासणीसाठी हातात धरायचे निळ्या प्रकाशाचे उपकरणही पुढे व्हँकुव्हरच्याच संशोधनातून आले.

पण सुजलेला घसाही काळपट दिसतो. जुना व्रण, आधी दिलेले किरणोपचार यांनीही फसगत होते. उलट केरॅटिन या कडक प्रथिनाचा जाड थर पांढराशुभ्र चमकतो आणि खालचे झाकून टाकतो. बिडी ओढणाऱ्यांच्या घशात हे दोन्ही असते. म्हणजे ज्यांना तपासणीची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यातच ही पद्धत अडखळते. म्हणून काळा डाग दिसला तरी निदान तुकडा काढून, सूक्ष्मदर्शकाखालीच होते. निळा उजेड फार तर तुकडा नेमका कुठून घ्यायचा, एवढे सांगतो.

नंतर जपानी दुर्बिणींमध्ये ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यांचा प्रकाश आला. तो चमक न पाहता बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी दाखवतो. बटण दाबले की सुरू होतो, वेगळा लेसर लागत नाही. साहजिकच घशाच्या तपासणीत तोच अधिक रुळला.