पोलादाचे क्षरण आणि संरक्षक लेप : पार्श्वभूमी

लोखंडाचा तुकडा विरल नायट्रिक आम्लात टाकला की तो फसफसून विरघळू लागतो. संहत, म्हणजे तीव्र, आम्लात मात्र त्याची चकाकी जवळपास तशीच राहते. १७९० मध्ये जेम्स कीर यांनी नोंदवलेल्या या विसंगतीचा पुढचा भाग अधिक चमत्कारिक आहे. संहत आम्लातून काढलेला तुकडा विरल आम्लात ठेवला तरी त्याला काही होत नाही, पण त्यावर ओरखडा पडताच विक्रिया एकदम उसळते. १८३६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ श्योनबाइन यांनी या अवस्थेला ‘निष्क्रियता’ म्हटले आणि त्यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात मायकेल फॅरडे यांनी पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असावा, असा तर्क मांडला. सगळे रहस्य न दिसणाऱ्या थरात आहे, ही कल्पना तेव्हा धाडसाचीच होती.

व्यवहार सिद्धांतासाठी थांबला नव्हता. फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ मध्ये लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा लेप देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. हा लेप खरवडला गेला तरी आधी जस्त झिजते आणि पोलाद वाचते, हा त्याचा मोठा गुण. आम्लात मात्र जस्त स्वतःच झपाट्याने विरघळते, त्यामुळे रासायनिक कारखान्यांना त्याचा उपयोग बेताचाच. गंधकाम्लासाठी साध्या पोलादाच्या टाक्या चालतात, कारण संहत आम्लात धातूवर लोह सल्फेटचा थर बसतो. तो मऊ असल्याने वेगवान प्रवाहात धुऊन जातो आणि आम्ल विरल झाले की विरघळतो.

क्षरण, म्हणजे धातूचे गंजणे-झिजणे, ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे, हे व्हिटनी यांनी १९०३ मध्ये लोखंडाच्या बाबतीत स्पष्टपणे मांडले. पुढे केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स यांनी ते मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात दाखवले. दर्शक द्रव (रंग बदलून विक्रिया दाखवणारा द्रव) मिसळलेला थेंब पोलादावर ठेवल्यावर, जिथे ऑक्सिजन कमी पोहोचतो तो मधला भाग निळा होतो, म्हणजे तिथे लोह विरघळते, आणि हवेलगतची कड गुलाबी होते. ऑक्सिजन कमी तिथे झीज जास्त, हे सहजासहजी पटत नाही. पण सांध्यांच्या फटीत आणि साचलेल्या गाळाखाली पोलाद का खाल्ले जाते, याचा उलगडा त्यातूनच होतो.

रंगाचा थर पाणी आणि हवा अडवतो, हा समज दीर्घकाळ टिकला. १९५० च्या सुमारास मेन यांनी दाखवले की बहुतेक रंगांमधून पाणी आणि ऑक्सिजन क्षरणाला पुरेल इतके झिरपतात; थर खरोखर रोखतो तो आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, प्रवास. म्हणूनच इपॉक्सी या रेझिनसारखे चिवट लेप आल्यावरही लेपाखाली राहिलेले क्षार धोक्याचे ठरतात: ते परासरणाने (लेपातून पाणी क्षारांकडे झिरपण्याच्या क्रियेने) पाणी आत ओढतात, फोड उठतात आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या रंगाखाली गंज पसरत जातो. त्यामुळे टाकीच्या आतून लेप देण्यापूर्वी पृष्ठभाग ब्लास्टिंगने (कणांच्या वेगवान माऱ्याने) उघडा करून त्यावरचे क्षार तपासले जातात.