जुन्या ट्रकसाठी इलेक्ट्रिक पेट्रोल पंप निवडताना

कार्बोरेटरच्या जुन्या ट्रकमध्ये पेट्रोल ओढण्याचं काम इंजिनवरच बसवलेला मेकॅनिकल पंप करतो. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॅमशाफ्ट नावाच्या दांड्यावरचा उंचवटा पंपाचा दांडा हलवतो, दांडा रबरी पडदा ओढतो आणि पेट्रोल पुढे सरकतं. रचना भरवशाची आहे. पण वयानुसार पडदा कडक होऊन चिरतो आणि पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये झिरपू लागतं. शिवाय ट्रक बरेच दिवस उभा राहिला की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि स्टार्टर मारत बसावं लागतं. अशा वेळी इलेक्ट्रिक पंप बसवणं योग्यच. गडबड होते ती पंप जितका जोरदार तितका चांगला, असं धरून चालल्यामुळे.

कार्बोरेटरच्या वाटीत एक फ्लोट तरंगत असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि एक बारीक सुई छिद्रावर दाबून पेट्रोल बंद करतो. हे छिद्र अडीच मिलिमीटर व्यासाचं धरा. पंपाचा दाब ६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असेल, तर सुईवर साधारण २० ग्रॅम वजनाइतका जोर येतो. फ्लोटला तो सहज पेलतो. इंजेक्शनच्या गाडीतला ४५ पीएसआयचा पंप लावला, तर तोच जोर दीडशे ग्रॅमच्या वर जातो. सुई मागे ढकलली जाते, वाटी भरून वाहते आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडतं. म्हणूनच कार्बोरेटरला बहुधा ४ ते ७ पीएसआय एवढाच दाब हवा. दाब जास्त असलेला पंप घेऊन रेग्युलेटरने तो कमी करता येतो, पण मुळातच कमी दाबाचा पंप मिळत असताना मी तरी तो मार्ग धरणार नाही.

दाब आणि पुरवठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण जोरात चालणारं पेट्रोल इंजिन दर हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण पाव किलोच्या आत पेट्रोल पितं. म्हणजे २०० हॉर्सपॉवरला ताशी ४५ किलो, सुमारे ६० लिटर. थोडी जादा क्षमता असलेला पंप घेतला की झालं. मात्र पाकिटावरचा आकडा बहुधा मोकळ्या नळीचा असतो. दाबाविरुद्ध पुरवठा त्याहून कमी भरतो.

साध्या वापराला मला टकटक करणारा सोलेनॉइड पंप आवडतो. त्यात चुंबक दट्ट्या मागे ओढतो आणि स्प्रिंग तो पुढे ढकलते, त्यामुळे जास्तीत जास्त दाब किती हे स्प्रिंगच ठरवते. वाटी भरली की टकटक संथ होते, ती कानाला कळते. फिरत्या पात्यांचा पंप जास्त पेट्रोल देतो, पण आवाजही जास्त करतो आणि कचऱ्याला लवकर बळी पडतो.

पंप बसवायचा कुठे? टाकीजवळ, शक्यतो तिच्या तळाच्या पातळीला किंवा खाली. हे पंप ढकलण्यात पटाईत असतात, ओढण्यात कच्चे. त्यातच ओढताना नळीतला दाब घटतो, दाब घटला की पेट्रोलचा उत्कलनबिंदू उतरतो आणि गरम दिवशी नळीतच वाफ धरते. मग इंजिन गुदमरतं. पंप मागे असला की बहुतेक नळीत पेट्रोल दाबाखाली राहतं. सायलेन्सरच्या नळीपासून मात्र तो लांब ठेवा. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर आणि पंपानंतर बारीक. रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या.

वायर बारीक असेल तर पंपाला व्होल्टेज कमी मिळतं, म्हणून रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हवाच. फ्यूजही हवा. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक अमेरिकी गाड्यांना ६ व्होल्टची बॅटरी असे, काहींत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असे (पॉझिटिव्ह अर्थिंग). पंप घेण्याआधी हे तपासा.

आता सर्वांत महत्त्वाचं. मेकॅनिकल पंप इंजिनाबरोबर थांबतो, इलेक्ट्रिक थांबत नाही. अपघातात नळी तुटली आणि किल्ली चालूच राहिली, तर तो आगीवर पेट्रोल ओतत राहील. त्यासाठी रिलेचा करंट ऑइल प्रेशर स्विचमधून न्यायचा: ऑइलचा दाब असेपर्यंतच पंप चालतो. सुरू करताना दाब नसतो, तेव्हा स्टार्टरच्या वायरमधून पंपाला तात्पुरता करंट द्यायचा. उलटलेल्या किंवा धडकलेल्या गाडीत पुरवठा तोडणारा इनर्शिया स्विचही जोडा. बसवून झालं की इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा आणि कान द्या. पंप चालू राहिला, तर वायरिंग चुकलंय. दुरुस्त होईपर्यंत ट्रक रस्त्यावर काढू नका.