खात्याची चौकशी आणि तक्रार प्राधिकरणाची चौकशी

पोलीस ठाण्यात मारहाण झाली, नोंद न करता रात्रभर बसवून ठेवले किंवा सोडण्यासाठी पैसे मागितले, अशी तक्रार घेऊन माणूस पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात जातो. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेऊन तो घरी येतो. काही आठवड्यांनी कळते की अर्ज चौकशीसाठी खालच्या अधिकाऱ्याकडे गेला आहे. मग जबाबासाठी बोलावणे येते आणि पुष्कळदा ते त्याच आवारात असते, जिथे जायला आता त्याचे पाय धजत नाहीत. शेवटी दोन ओळींचे पत्र हाती पडते: ‘अर्जात तथ्य आढळून येत नसल्याने तो दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ चौकशी झाली, आता काही उरले नाही, असे समजून अनेक जण इथेच थांबतात. हा समज दूर करणे फार गरजेचे आहे, कारण झाली ती केवळ खात्यातली अर्जचौकशी होती. खरी विभागीय चौकशी तर कर्मचाऱ्याला खात्याचे दोषारोपपत्र, म्हणजे त्याच्यावरचे आरोप मांडणारे पत्र, दिल्यावर सुरू होते.

विभागीय चौकशी हा मालक आणि नोकर यांच्यातला मामला आहे. कर्मचाऱ्याने सेवेची शिस्त मोडली का, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न असतो. चौकशी करणारा खात्यातलाच असतो आणि शिक्षाही सेवेपुरती असते: सक्त ताकीद, वेतनवाढ रोखणे, पदावनती, फार तर बडतर्फी. ज्याच्या अंगावर वळ उठले तो या चौकशीत पक्षकार नसतो, केवळ साक्षीदार असतो. शिक्षा झालेल्या पोलिसाला अपिलाचा हक्क आहे, पण शिक्षा कमी पडली असे वाटणाऱ्या तक्रारदाराला तो नाही. निलंबनाबद्दलही असाच घोळ होतो. ‘तीन पोलीस निलंबित’ ही बातमी वाचून न्याय झाला असे वाटते, पण निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात निर्वाह भत्ता मिळत राहतो आणि पुढे तो माणूस पुन्हा कामावर रुजूही होऊ शकतो.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची खात्याबाहेरून चौकशी करणाऱ्या पोलीस तक्रार प्राधिकरणाचा उगम वेगळा आहे. उत्तर प्रदेशचे निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला आणि राज्य व जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. ही मागणी पोलीस दलाचे नेतृत्व केलेल्या माणसाने न्यायालयापुढे नेली होती, हे मला महत्त्वाचे वाटते. बाहेरची देखरेख म्हणजे पोलिसांशी वैर, असे म्हणणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य प्राधिकरणाची तरतूद केली. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, विहित पद्धत डावलून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन वा घर बळकावणे आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर हे विषय त्याच्या कक्षेत येतात. साक्षीदारांना समन्स काढणे आणि कागदपत्रे मागवणे यांसाठी त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

या अधिकाराचे मोल एका उदाहरणावरून कळेल. प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपपासून व्हरांड्यापर्यंत, सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला आणि चित्रण शक्यतो १८ महिने, किमान एक वर्ष तरी जपण्यास सांगितले. आता समजा, रात्री अकरा वाजता एका मुलाला आत नेले, तो सकाळी लंगडत बाहेर आला आणि स्टेशन डायरीत त्याचे नावच नाही. अर्जचौकशी करणारा अधिकारी डायरी पाहून तथ्य नाही असे लिहू शकतो. प्राधिकरण मात्र डायरीसोबत त्या रात्रीचे चित्रण आणि रुग्णालयातले कागद मागवून तिन्ही ताडून पाहू शकते, आणि तसे करताना त्याच्यावर वरिष्ठांच्या मर्जीचे वा सहकाऱ्यांच्या भिडेचे ओझे नसते.

तरीही महाराष्ट्रातली रचना न्यायालयाने सांगितली तशी नाही. न्यायालयाने जिल्हा प्राधिकरण म्हटले होते, तर आपल्या कायद्यात विभागीय पातळी आहे. ‘विभागीय’ हा शब्द दोन्हीकडे येत असल्याने गोंधळ आणखी वाढतो: विभागीय चौकशीतला विभाग म्हणजे खाते, तर विभागीय प्राधिकरणातला विभाग म्हणजे महसुली विभाग. गडचिरोलीच्या माणसासाठी नागपूर आणि स्वतःचा जिल्हा यांत किती अंतर आहे, हे सांगायला नको. शिफारशी सरकारवर बंधनकारक असाव्यात, असेही न्यायालयाने म्हटले होते. इथे अपवादात्मक परिस्थितीत कारणे लिहून अहवाल नाकारण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली आहे.

गुन्हा सिद्ध करून तुरुंगवासाची शिक्षा देणे दोन्ही चौकशांच्या हाती नाही. ते काम फौजदारी न्यायालयाचे आहे. म्हणून अर्ज दप्तरी दाखल झाल्याचे पत्र फाडून टाकू नये. आवक शिक्क्याची प्रत, उपचाराचे कागद आणि हे पत्र जोडून प्राधिकरणाकडे स्वतंत्र तक्रार करावी, आणि त्या रात्रीचे चित्रण राखून ठेवण्याची मागणी पहिल्याच अर्जात, तारीख व वेळ घालून करावी.