चिंचपोकळीच्या जिन्यावरची धाप

चिंचपोकळी स्टेशनचा जिना चढताना माझी मावशी नेहमी अर्ध्यात थांबायची. कठड्याला धरून, पदराने घाम टिपत, मागच्यांना वाट करून देत. वय अवघं सव्वीस. "बाळंतपणापासून अंगात रक्तच राहिलं नाही," असं आजी म्हणायची. नाक्यावरच्या डॉक्टरांनी आधी लाल टॉनिक दिलं, मग दम्याचा पंप. त्यात दोन वर्षं गेली. दुसऱ्यांदा दिवस गेले आणि सातव्या महिन्यात एका रात्री तिला आडवंच होता येईना. पडलं की गुदमरायचं, उठून बसलं की जरा बरं. ही १९९१ची गोष्ट. टॅक्सीने परळच्या एका रुग्णालयात नेल्यावर कळलं की ना रक्त कमी होतं, ना दमा होता. तिच्या हृदयाची एक झडप आवळली होती.

हृदयाचा आजार म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "किती ब्लॉकेज आहेत?" झडपेचा आजार ही निराळीच गोष्ट आहे. ब्लॉकेज होतं ते हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत. झडपा असतात हृदयाच्या आत, कप्प्यांच्या तोंडाशी. त्या चार असतात आणि प्रत्येकीचं काम एकच, रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही. त्यांना उघडायला कोणी स्नायू ओढत नाही. रक्ताचा दाब पडला की पाकळ्या उघडतात, दाब उलटला की मिटतात. दिवसातून साधारण एक लाख वेळा. छातीला कान लावल्यावर ऐकू येणारं लब-डब म्हणजे त्या मिटण्याचाच आवाज.

झडप बिघडते ती दोन तऱ्हांनी. एक तर ती नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं, किंवा ती नीट उघडत नाही. काहींच्या नशिबी दोन्ही येतं. मावशीची मायट्रल झडप, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, उघडत नव्हती. निरोगी मायट्रल झडपेची वाट चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी. मावशीची उरली होती शर्टाच्या बटणाएवढी. तेवढ्यातून रक्त पुढे सरकेना, मागे फुप्फुसांत तुंबलं, आणि फुप्फुसं ओली झाली. आडवं पडल्यावर पायांतलं रक्तही छातीकडे येतं, म्हणून झोपलं की धाप जास्त. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, ठोकेही वाढतात, आणि त्या बटणाएवढ्या वाटेतून रक्त जायला मिळणारा वेळ आणखी कमी होतो. वर्षानुवर्षं दबलेला आजार बाळंतपणात उसळून वर येतो तो यामुळे. तरुण बाईची धाप 'अशक्तपणा' म्हणून सोडून देणं मला आजही सहन होत नाही.

याचं मूळ मात्र हृदयात नव्हतं, घशात होतं. नवव्या वर्षी मावशीचा घसा सुजून दुखला होता. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, आज गुडघा सुजला, परवा कोपर. महिन्याभरात सगळं ओसरलं आणि घरचे विसरले. तो संधिज्वर होता, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूशी लढायला शरीर हत्यारं तयार करतं, पण त्या जिवाणूची काही प्रथिनं आपल्या झडपांमधल्या प्रथिनांसारखी दिसतात. हत्यारं चुकून घरच्यांवरच चालतात. सांधे दुखतात आणि पूर्ववत होतात. झडपेवर मात्र व्रण राहतो, पाकळ्या जाड होतात, कडांना एकमेकींना चिकटत जातात. हे सावकाश, दहा-वीस वर्षं चालतं. नऊ वर्षांच्या मुलीचा घसा सव्विसाव्या वर्षी जिन्यावर गाठतो तो असा.

हा जिवाणू खोकल्या-शिंकण्यातून, दाटीतून पसरतो. मुंबईतल्या बीडीडी चाळीतली खोली एकशे साठ चौरस फुटांची, आणि तीत आठ-दहा माणसं. एकाचा घसा धरला की भावंडांचा धरणारच. युरोप-अमेरिकेत हा आजार पेनिसिलिन यायच्या आधीच उतरणीला लागला होता, कारण घरं मोकळी झाली होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. झडपेच्या आजाराचा विचार करताना माणसाच्या डोक्यावरच्या छपराचाही विचार करायला हवा.

या आजाराचं निदान करणं हल्ली सोपं झालंय. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली, तेव्हापासून झडपांचे आवाज ऐकले जातात. पण आवळलेल्या मायट्रलची घरघर फार खालच्या पट्टीतली असते, गजबजलेल्या ओपीडीत सहज निसटते. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहिलं, तेव्हापासून हा प्रश्न सुटत गेला. आजची टू-डी इको त्यातूनच आली. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, गरोदर बाईलाही चालते. धाप लागते आणि कारण सापडत नाही, तर इको करून घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारावंच.

मावशीला फुग्याने वाचवलं. जपानचे कांजी इनोऊए यांनी १९८२ साली ही पद्धत प्रथम वापरली. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, झडपेत फुगा फुगवतात, चिकटलेल्या कडा सुटतात. मावशीच्या पोटावर शिशाचं आवरण ठेवून हे केलं. त्याच रात्री ती उताणी झोपली. दोन महिन्यांनी माझी मावसबहीण जन्मली.

फुगा कायमचा नसतो. पंधरा वर्षांनी झडप पुन्हा आवळली, कॅल्शियमने कडक झाली, आणि मग ती बदलावी लागली. जिथे शक्य तिथे शल्यविशारद आधी दुरुस्तीच बघतात, विशेषतः गळणाऱ्या झडपेची. नाही जमलं तर बदल. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली झडप साधारण दहा-पंधरा वर्षं टिकते, तरुणांत त्याहून लवकर झिजते. यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, पण तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. मावशीला बसवली ती चित्रा झडप, यांत्रिक. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हृदयशल्यविशारद वलियथन यांच्या चमूने ती घडवली. आधीचे तीन नमुने फसले, चौथा टिकला, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली गेली. परदेशी झडपेच्या मानाने ती बरीच स्वस्त पडते. एका गिरणी कामगाराच्या घरात त्याचा अर्थ काय होता, ते मी पाहिलंय.

त्यानंतरचं आयुष्य कालनिर्णयच्या पानांवर चालतं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, तपासायची तारीख मावशी तिथेच लिहिते. मायट्रलच्या यांत्रिक झडपेसाठी तो आकडा साधारण अडीच ते साडेतीनमध्ये ठेवतात. मेथी-पालक बंद करायचा नाही, पण श्रावणात एकदम दुप्पटही करायचा नाही. त्यातलं 'के' जीवनसत्त्व गोळीचा असर उतरवतं. अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही. दात काढायचा तर आधी डॉक्टरांना झडपेबद्दल सांगायचं, कारण हिरड्यांतले जंतू रक्तातून थेट तिच्यावर जाऊन बसू शकतात.

सत्तरीनंतरची गोष्ट वेगळी. तेव्हा महाधमनीच्या तोंडाची झडप कॅल्शियम साठून कडक होते, चालताना छाती भरून येते, चक्कर येऊन माणूस पडतो. त्रास सुरू झाल्यावर हा आजार थांबत नाही, औषधांनी झडप उघडत नाही. २००२ साली फ्रान्समध्ये क्रिबिए यांनी छाती न उघडता नळीतून नवी झडप बसवली, तीच आजची टावी. वयस्कांसाठी ती मोठी सोय आहे, मात्र खर्च जबर.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय सगळ्यांत आधीचा आहे. ज्या मुलाला एकदा संधिज्वर झाला, त्याला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं लांब असर राहणारं इंजेक्शन द्यायचं. झडपेला इजा झाली असेल तर निदान चाळिशीपर्यंत. संधिज्वराचा झटका पुन्हा पुन्हा आला की झडपेचं वाटोळं वाढत जातं, आणि तो झटका हे इंजेक्शन अडवतं. ते दुखतं, फार दुखतं. मुलं पळतात, आया हळव्या होतात, आणि मे महिन्यात सगळे कोकणात गेले की तारीख हमखास चुकते. निघायच्या आधी डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्यावी आणि गावाजवळच्या सरकारी रुग्णालयात ते मिळेल का, याची चौकशी करून ठेवावी.