डेड ड्रॉप आणि ब्रश पास : शीतयुद्धातली देवघेव कशी चालायची

शीतयुद्धातल्या हेरगिरीबद्दल वाचताना या दोन पद्धतींची हमखास गल्लत होते. दोन्हींत गुप्तचर अधिकारी आणि त्याचा हस्तक एकमेकांशी बोलत नाहीत, ओळखही दाखवत नाहीत, आणि तरी माल एकाकडून दुसऱ्याकडे पोचतो. धोका मात्र वेगवेगळ्या ठिकाणी असतो. डेड ड्रॉपमध्ये एकजण ठरलेल्या जागी माल लपवतो आणि दुसरा तो नंतर उचलतो; माणसं लांब राहतात, माल एकटा पडून असतो. ब्रश पासमध्ये माल चालता चालता हातोहात दिला जातो, तो क्षणभरही एकटा नसतो, पण माणसं हाताच्या अंतरावर येतात.

डेड ड्रॉपसाठी जागा शोधणं त्यामानाने सोपं. भिंतीतली फट, पुलाखालचा कोनाडा, पोकळ ओंडका, काहीही चालतं. खरी अवघड गोष्ट म्हणजे खुणा. किमान दोन लागतात: ‘ठेवलंय’ आणि ‘उचललं’. खूण मालाच्या जागेपासून दूर, रोजच्या वाटेवर असावी लागते, म्हणजे ती पाहायला मुद्दाम वाकडी वाट करावी लागत नाही. सोव्हिएत लष्करी गुप्तचर खात्याचा कर्नल ओलेग पेन्कोव्स्की अमेरिकन आणि ब्रिटिशांना माहिती पुरवत होता. त्याच्यासाठी ठरलेली जागा मॉस्कोत पुश्किन रस्त्यावरच्या एका इमारतीच्या प्रवेशद्वारात, रेडिएटरच्या मागे होती. तिथे तार गुंडाळलेली काडेपेटी आकड्याला अडकवायची. खूण करायची ती कुतुझोव्स्की प्रोस्पेक्टवरच्या ३५ क्रमांकाच्या खांबावर.

यात बिघडतं ते बहुधा क्षुल्लक कारणाने. न्यूयॉर्कमधला सोव्हिएत हेर रेनो हायहानेन याने ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये पायऱ्यांच्या भोकात एक पोकळ बोल्ट ठेवला होता, सुमारे दोन इंच लांब आणि पाव इंच जाड. आत टंकलिखित चिठ्ठी होती: ठरलेल्या भेटीला कुणी आलं नाही, वेळ चुकली का, तपासा. दुरुस्ती करताना ते भोक सिमेंटने बुजवलं गेलं. १९५७ मध्ये हायहानेन अमेरिकनांना जाऊन मिळाला आणि त्याने जागा सांगितली, तेव्हा एफबीआयने बोल्ट बाहेर काढला. चिठ्ठी जवळजवळ दोन वर्षं आत होती.

खूण चुकली तर याहून वाईट. मे १९८५ मध्ये अमेरिकी नौदलाचा माजी अधिकारी जॉन वॉकर मेरीलँडमध्ये रस्त्याकडेला कागदपत्रांची पिशवी ठेवायला आला. खूण म्हणून त्याने सेव्हन अपचा रिकामा डबा ठेवला. मागावर असलेल्या एफबीआयच्या माणसाने चुकून तो डबाच उचलला. सोव्हिएत अधिकारी गाडीने आला, डबा दिसला नाही, आणि तसाच निघून गेला. वॉकर सापडला, पण त्याच्याकडून माल घेणारा निसटला.

ब्रश पासला अशी खूण लागत नाही. ठरलेल्या मिनिटाला दोघं एकमेकांसमोरून येतात आणि चालता चालता वस्तू हातातून हातात जाते. कोणत्या हाताने द्यायची, कोणत्या हाताने घ्यायची, हेही आधीच ठरतं. थबकायचं नाही, मान वळवायची नाही. ही पद्धत सीआयएमध्ये घडवली ती हॅविलँड स्मिथ यांनी, १९५०च्या दशकाच्या अखेरीस प्रागमध्ये. त्यांनी एक गोष्ट हेरली होती. पाळतीवरचे लोक बहुतेक वेळ मागून चालतात, त्यामुळे कोपरा वळलं की आपण काही सेकंद त्यांच्या नजरेआड होतो. लगोलग दुसरं वळण घेतलं तर ही फट वाढते. देवघेव त्या फटीतच उरकायची. म्हणून मोकळा चौक निरुपयोगी. बोळ, जिन्याचं वळण, आरपार जाणारी इमारत कामाची.

वस्तूही बेताचीच हवी. मिनॉक्स या चिमुकल्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी मुठीत मावते; नोटांची पुडकी आणि कॅमेरे द्यायचे असतील तर डेड ड्रॉपच बरा.

ब्रश पासची खरी मर्यादा मात्र वस्तूच्या आकाराची नाही: दोघांपैकी एकावर आधीच पाळत असेल तर दुसराही उजेडात येतो. पेन्कोव्स्की १९६१ मध्ये मॉस्कोच्या बागेत ब्रिटिश अधिकाऱ्याची पत्नी जॅनेट चिझम हिला भेटायचा. मुलांना खाऊ द्यावा तसा गोळ्यांचा डबा द्यायचा, आत फिल्म. ही धावती देवघेव नव्हती, थांबून केलेली छोटी भेट होती, पण दुबळी जागा तीच. परदेशी वकिलातीतल्या लोकांच्या मागे केजीबीची माणसं असायचीच. जानेवारी १९६२ मध्ये अशा एका भेटीनंतर त्याला पाळतीची गाडी दिसली, आणि भेटी थांबवाव्या लागल्या.

मग डेड ड्रॉप जास्त सुरक्षित म्हणायचा का? माझ्या मते, पलीकडचा माणूस मोकळा असेपर्यंतच. २२ ऑक्टोबर १९६२ रोजी पेन्कोव्स्कीला अटक झाली. २ नोव्हेंबरला ठरल्याप्रमाणे फोन आला, खांबावर खूण दिसली, आणि सीआयएचे रिचर्ड जेकब काडेपेटी घ्यायला पुश्किन रस्त्यावर गेले. तिथे केजीबी दबा धरून होती. १५ जुलै १९७७ला सीआयएच्या मार्था पीटरसन मॉस्कोतल्या एका रेल्वे पुलावर माल ठेवायला गेल्या आणि पकडल्या गेल्या. ज्याच्यासाठी तो माल होता तो अलेक्सांद्र ओगोरोदनिक जूनमध्येच मेला होता. ब्रश पास ठरला असता तर निदान समोरून कोण येतंय, हे शेवटच्या क्षणी दिसलं असतं आणि माल खिशात ठेवून पुढे चालू लागता आलं असतं.