ठाणे जिल्ह्यातील बालआहार : उष्टावणानंतरच्या दीड वर्षाची पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यात बालपोषणाचा विषय निघाला की अंगणवाडीचे नाव येते आणि ते योग्यच आहे, कारण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे प्रयोग केले, ते तेव्हाच्या याच जिल्ह्यात. पालघर वेगळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजी. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. मात्र अंगणवाडीत येऊन जेवते ते तीन वर्षांपुढचे मूल. उष्टावणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे बाळ घरीच जेवते आणि वाढ खुंटण्याचा सर्वाधिक धोका याच काळात असतो.

1992-93 मध्ये तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या कुपोषणातून झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. तरीही अंगणवाडीतून मिळणाऱ्या पूरक आहाराचा हिशेब पुढे बराच काळ ऊर्जा आणि प्रथिनांपुरताच राहिला : आधी दिवसाला 300 किलोकॅलरी, 2009 पासून 500 किलोकॅलरी व 12 ते 15 ग्रॅम प्रथिने. लोह आणि जस्त मागे पडले. आईच्या दुधात लोह अल्प असते व जन्मतः मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. हा केवळ पाड्यांचा प्रश्न नव्हे. देशाच्या शहरी भागातही हे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर होते.

शहापूरच्या पाड्यावर काय किंवा ऐरोलीच्या इमारतीत काय, बाळाला आधी भरवतात ती तांदळाची पेज नाहीतर वरणाचे पाणी. पचायला हलके म्हणून आजी ते मायेने देते, पण त्या वाटीत पाणीच अधिक आणि बाळाचे पोट इवलेसे. घट्ट केले तर गिळवत नाही, पातळ केले तर पुरत नाही. मोड आणून दळलेली नाचणी हा यावरचा जुना, आणि माझ्या मते अजूनही पुरेसा न वापरलेला, उपाय आहे. मोड येताना तयार होणारे विकर (एन्झाइम) पिठातील स्टार्च फोडते, त्यामुळे पीठ जास्त घालूनही खीर पातळ राहते. लोह शोषू न देणारे फायटेटही घटते. शिवाय 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वस्त्रगाळ करून चोथा टाकला, तर यातले बरेच वाया जाते.

आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून 2016 पासून सात महिन्यांपुढील बालकांना अंडी किंवा केळी मिळू लागली. 2023 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत बदल होऊन, तीन वर्षांखालील बाळांसाठी अंगणवाडीतून घरी नेण्याच्या आहारासाठीही लोह, जस्त, कॅल्शियम यांची प्रमाणे ठरली.