पंखा कोणाचं ऐकतो?

इमारतीतली सगळी यंत्रं नेटवर्कला जोडली की वीज आपोआप वाचते, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. जोडणीमुळे एका यंत्राचं म्हणणं दुसऱ्याला कळतं, इतकंच. बचत होते ती वातानुकूलनाचा पंखा मंदावल्यावर. त्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती साधारण निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. पण तो हुकूम पंख्यापर्यंत पोचला पाहिजे आणि काम झाल्यावर मागेही घेतला गेला पाहिजे.

इमारतीत भाषा अनेक असतात. वीजमीटर बहुधा १९७९ सालचं मॉडबस बोलतो, तर वातानुकूलन १९९५ साली प्रमाणित झालेलं बॅकनेट. मधला गेटवे या भाषा समजून घेतो आणि बाहेर वेब सेवा पुरवतो. फोनवरचं अ‍ॅप हवामान मागवतं, त्याच पद्धतीने ऊर्जा व्यवस्थापनाचा प्रोग्रॅम मीटरचा आकडा मागवतो. उत्तरात मूल्य, एकक आणि वेळ तिन्ही हवीत.

वाचण्यातल्या चुका फसव्या असतात. २३० व्होल्ट ही दशांश संख्या मॉडबसच्या दोन रजिस्टरांत, म्हणजे आकडे ठेवायच्या दोन जागांत, विभागून येते. त्यांचा क्रम उलटा लावला तर गेटवेला जवळजवळ शून्य दिसतं, म्हणून ही चूक लगेच पकडली जाते. पण मोठा प्रवाह ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देणारा २००/५ चा करंट ट्रान्सफॉर्मर असताना ४० ने गुणायचं राहिलं, किंवा मीटरने आधीच गुणलेलं पुन्हा गुणलं, तर आकडा खरा वाटू शकतो. भार चालू असताना मीटरच्या पडद्यावरचा आकडा वेब सेवेच्या आकड्याशी ताडून बघणं हाच उपाय. कृत्रिम बुद्धिमत्ता बसवा, बाकी ती बघून घेईल, अशा जाहिरातींना भुलू नये; चाळीसपट चुकलेल्या मीटरवरून ती चुकीचंच शिकेल.

आता लिहिणं, आणि इथे बॅकनेटची रचना फार सुंदर आहे. पंख्याच्या चालू-बंद हुकुमासाठी १६ कप्पे असतात. १ सर्वांत वरचा, १६ सर्वांत खालचा. पहिले दोन जीवितरक्षणासाठी, ६ वा यंत्राला ठरावीक किमान वेळ चालू किंवा बंद ठेवण्यासाठी, ८ वा ऑपरेटरच्या हाताने दिलेल्या हुकुमासाठी. पंखा चालवणारा कंट्रोलर भरलेल्या कप्प्यांतला सर्वांत वरचा हुकूम पाळतो. समजा, रोजचं वेळापत्रक १६ व्या कप्प्यात लिहितं आणि ऊर्जेचा प्रोग्रॅम १४ व्या. विजेची मागणी वाढली, प्रोग्रॅमने १४ मध्ये 'बंद' लिहिलं. वीस मिनिटांनी त्याने काय करायचं? 'चालू' लिहायचं नाही, कप्पा रिकामा करायचा! त्यासाठी 'नल' हे मूल्य लिहितात. 'चालू' लिहिलं तर रात्री वेळापत्रक १६ व्या कप्प्यात 'बंद' म्हणेल, पण १४ वरचढ ठरेल आणि पंखा रात्रभर फिरत राहील. चूक झाल्याचा संदेश कुठेच येणार नाही.

उलटंही होतं. दुरुस्तीच्या वेळी कोणी ८ व्या कप्प्यात 'चालू' ठेवून विसरलं, तर वेब सेवा १४ वरचं 'बंद' यशस्वी झाल्याचं कळवते आणि पंखा तरीही थांबत नाही. म्हणून लिहिल्यावर प्रत्यक्ष मूल्य आणि सोळाही कप्पे परत वाचायचे. ६ वा भरलेला असेल तर तो बिघाड मानू नये, थोडं थांबावं.

'नल' पाठवण्याआधीच नेटवर्क तुटलं तर? ठरावीक वेळेनंतर कप्पा रिकामा करायची सर्व्हरवरची मुदत इथे निरुपयोगी ठरते, कारण तिचा निरोपही त्याच तारेने जायचा असतो. मुदत कंट्रोलरमध्येच हवी. प्रोग्रॅमने दर मिनिटाला कंट्रोलरमधला एक आकडा बदलायचा. पाच मिनिटं तो बदलला नाही, तर कंट्रोलरने स्वतःच १४ वा कप्पा रिकामा करायचा.

वाचण्याची आणि लिहिण्याची परवानगी वेगवेगळी ठेवावी. जुन्या बॅकनेट जोडणीत हुकूम कोणाचा, हे सहसा तपासलं जात नाही. २०१९ मध्ये आलेल्या सुरक्षित आवृत्तीत प्रमाणपत्रं तपासली जातात.

यंत्रणा ताब्यात घेण्यापूर्वी १४ व्या कप्प्यात 'बंद' लिहून गेटवेची केबल काढावी. सहाव्या मिनिटाला कंट्रोलरच्या स्वतःच्या पडद्यावर तो कप्पा रिकामा दिसला पाहिजे.